बाजूला माप ठेवा

"बाजूला माप ठेवा," असं म्हणून ते शर्टाच्या खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढायचे आणि समोरच्या वस्तूशेजारी ठेवायचे. वस्तू कोणतीही चालायची. आमच्या जिन्यातल्या भिंतीला तडा गेला तेव्हा मी बिल्डरला पाठवायला फोटो काढत होतो. शेजारच्या दारातून ते चप्पल न घालताच आले, तड्याला पट्टी लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आता काढा. न्हाईतर तो म्हनंल केसाएवढी चीर आहे." बिल्डर तेच म्हणणार होता. पट्टी बघून त्याने माणूस पाठवला.

माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा मोबाइलवर आलेला बाळाचा फोटो मी त्यांना कौतुकाने दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. "बाळ चांगलं आहे. पण केवढं आहे? बाजूला कुनाचा तरी हात ठेवायचा."

तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असेल, ज्याला लोक एका वाक्यावरून ओळखतात. आमच्या जालन्यातल्या कॉलनीत हे होते. ते साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे उसाच्या लागवडीची नोंद घ्यायची, रोग-किडी पाहायच्या आणि गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना समजावून सांगायचं, असं काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं होतं. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायचो. ते मला टक्केवाले म्हणायचे. मी एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासतो. चारशे दाणे भिजवायचे, ठरलेल्या दिवशी किती उगवले ते मोजायचं आणि टक्के लिहायचे, एवढंच माझं काम. पण भर बाजारात "काय टक्केवाले, आज किती?" अशी हाक आली की आजूबाजूचे लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायचे. एकदा भाजीवालीने विचारलंसुद्धा, कोणत्या खात्यात आहात म्हणून. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "मंग काय, भाव तरी बराबर लावला आसंल तिनं."

मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा त्यांची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मी काकूंना कधी पाहिलं नाही. घरात त्यांचा एक पासपोर्ट आकाराचा फोटो होता, बँकेच्या पासबुकावरचाच मोठा करून घेतलेला, त्यामुळे चेहरा जरा घाबरल्यासारखा दिसायचा. मुलगी नाशिकला. ती आली की कुरकुर करायची, "बाबांनी जन्मभर कॅमेरा गळ्यात घातला, पण आईचा एक धड फोटो न्हाई. दोघांचा तर न्हाईच न्हाई. किड्यांचे मात्र हजार आहेत." साहेब ऐकून घ्यायचे.

किडे हजार नव्हते. मी मोजले आहेत, म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी आषाढात एका दुपारी ते माझ्याकडे आले आणि उभ्यानेच म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडं गेल्तो." पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. त्यांच्या प्रकाराला इंजेक्शनचा उपयोग नव्हता. समोरच्या माणसाकडे सरळ पाहिलं की त्याचं तोंड पुसल्यासारखं व्हायचं आणि कान मात्र दिसायचे. "मधलं जानार, कडंचं ऱ्हाईल म्हन्ला डॉक्टर. पन तेही किती दिस, सांगता येत न्हाई." मग ते खाली बसले. त्यांच्याकडे जुन्या स्लाइडी होत्या, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेले फिल्मचे तुकडे. प्रोजेक्टरचा दिवा गेला होता आणि तसला दिवा आता कुठे मिळत नव्हता. त्या स्लाइडी मोबाइलसारख्या करून टीव्हीवर लावता येतील का? सगळ्या एकदा बघायच्या होत्या. दिसतंय तोवर.

शहरातल्या दुकानात देऊ म्हटलं तर डबे घराबाहेर पाठवायला ते तयार होईनात. "भिंतीपल्याड जाऊ द्या फकस्त," म्हणाले. भिंतीपल्याड म्हणजे माझं घर.

पंधरा डबे होते, बिस्किटांचे, पत्र्याचे, प्रत्येकात कडुनिंबाचा वाळलेला पाला. सोबत एक नोंदवही, तिच्यात रकाने आखलेले: क्रमांक, गाव, पीक, काय दाखवलं, माप. चौदा डब्यांत प्रत्येकी ऐंशी आणि पंधराव्यात सहा, म्हणजे एक हजार एकशे सव्वीस. नोंदवहीत शेवटचा आकडा एक हजार एकशे पंचवीस. मी दोनदा मोजल्या. एक स्लाइड जास्त होती आणि तिच्या पुठ्ठ्यावर क्रमांक नव्हता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मोजनारानं मोजावं, पन सगळंच इचारू नये." मला अशा वेळी झोप लागत नाही, हे माझ्या घरच्यांना विचारा.

काम कसं केलं तेही सांगतो, कारण पुष्कळांच्या माळ्यावर असे डबे पडून आहेत. छताला लावतात तो सहा वॅटचा चपटा एलईडी दिवा टेबलावर उताणा ठेवला. त्यावर दोन इंच उंचीवर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पडतो. त्यावर काळ्या पुठ्ठ्यात स्लाइडीच्या मापाची खिडकी कापली. वर तिपाईवर कॅमेरा, जवळचं टिपणारं भिंग लावलेला, तोंड थेट खाली. गवंड्याची लेव्हल आणून कॅमेरा आणि दिवा दोन्ही समपातळीत आणले. खिडकीला चादर. स्लाइडीवरची धूळ रबरी पंपाने उडवायची, तोंडाने फुंकायची नाही, थुंकीचे थेंब बसतात. हात बसल्यावर तासाला चाळीस स्लाइडी होऊ लागल्या. दर रविवारी दोन तास, म्हणजे ऐंशी, म्हणजे एक डबा. पाच रविवारी पाच डबे झाले.

आणि इथेच मी चूक केली. चूक अशी की मला ती हुशारी वाटली.

पुठ्ठ्यावर लिहिलेलं असायचं 'खोडकिडा, अळी' किंवा 'हुमणी' किंवा 'पानावरील तांबेरा'. स्लाइडीत मधोमध अळी असायची आणि कडेने हात, बांगड्या, पदराचं टोक, ढेकळं. मी विचार केला, अळी महत्त्वाची. बाकीचं टिपून चित्राची जागा का घालवायची? कॅमेरा खाली घेतला आणि फक्त मधला भाग टिपला. चारशेच्या चारशे. अळीच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता. मी स्वतःवर खूश होतो.

सहाव्या रविवारी पेन ड्राइव्ह त्यांच्या टीव्हीला लावला. माझी बायकोही आली होती. साहेब टीव्हीसमोर न बसता बाजूच्या वेताच्या मोड्यावर बसले, तोंड खिडकीकडे. सरळ बघितलं की मधलं पुसलं जायचं, म्हणून ते तिरके बघायचे. पहिलं चित्र लागलं. ते बघत राहिले. दुसरं लागलं. तिसऱ्याला म्हणाले, "माप कुठंय?" मी म्हटलं, साहेब, मी जवळून घेतलंय, स्पष्ट दिसावं म्हणून. पुढच्या वीस-पंचवीस चित्रांत ते तीनदा तेच म्हणाले. मग म्हणायचे थांबले. शेवटी उठून म्हणाले, "फोटो लई चांगले आलेत," आणि आमचे चहाचे कप विसळायला आत गेले. साहेबांनी आमचे कप कधी विसळले नव्हते.

घरी आल्यावर बायकोने पहिल्या डब्यातल्या दहा-बारा स्लाइडी दिव्यावर ठेवून भिंगातून पाहिल्या. मग दुसऱ्या डब्यातल्या, मग पाचव्या. म्हणाली, "अहो, हा सगळीकडं एकाच बाईचा हात आहे. अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा डाग बघा. चारशे चारशे दाणे मोजता आणि एक हात दिसत न्हाई तुम्हाला."

मी तसाच शेजारी गेलो. दार उघडंच होतं. मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तुमची काकू होती ती."

त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीच्या सुरुवातीला ते प्रोजेक्टर घेऊन अंतरवाली सराटीकडे गेले होते. दिवस मावळल्यावर चौकात चहाच्या टपरीसमोर चादर बांधली आणि खोडकिड्याची अळी दाखवली. खरी अळी जेमतेम इंचाची, चादरीवर चार फुटांची झाली. लोक चिडीचूप. मागे घोंगडी पांघरून बसलेल्या एका मेंढपाळ म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, हा मेंढरं खातो का?" साहेबांनी समजावलं. म्हाताऱ्याने मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी कळलं की त्याने कळप रातोरात पल्याडच्या शिवारात हलवला. ऊसवाले म्हणाले, असलं जनावर आमच्याकडं बिलकुल न्हाई, असतं तर दिसलं नसतं का?

तेव्हापासून माप. आधी त्यांनी रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं, तर लोक चादरीवरचं गाडीच्या चाकाएवढं नाणं बघूनच हसत सुटले. पट्टी ठेवली, तर आकडे कुणी वाचेना. मग त्यांच्या बायकोने घरात बसल्या बसल्या सांगितलं, "हात ठेवा की. हात केवढा असतो ते समद्यांला ठावं आहे." कुणाचा हात? शेतकऱ्याचा थरथरायचा, गड्याची फोटोच्या वेळी मूठ वळायची. म्हणून फटफटीवर मागे बसून त्या येऊ लागल्या. तीर्थपुरी, अंकुशनगरची बाजू, कुठे कुठे. ते कॅमेरा दोन्ही हातांनी धरायचे, त्या श्वास रोखून पान धरायच्या. "हात हलू देऊ नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि काम झालं की त्या बांधावर उभ्या राहून शेतकऱ्याला सुनावायच्या, "उसाला पान्याची कमी न्हाई दादा, तुमच्या फेऱ्याची कमी हाये." लोक साहेबांपेक्षा त्यांचं जास्त ऐकायचे, हे साहेबांनी स्वतः सांगितलं.

"मधलं मला दिसतच न्हाई आता," ते म्हणाले. "कडंचं दिसतंय. अन् ती कडंलाच हाये सगळीकडं."

मी घरी येऊन हिशेब केला. झालेल्या चारशे स्लाइडी पुन्हा. राहिलेल्या सातशे सव्वीस. तासाला चाळीसने अठ्ठावीस तास नऊ मिनिटं. रविवारी दोन तास धरले तर चौदा रविवारांहून जास्त, आणि डोळे थांबणार नव्हते. रोज दीड तास धरला तर एकोणीस दिवस. मी सकाळी पाचला उठू लागलो. कॅमेरा वर घेतला, इतका की फिल्मच नाही, पुठ्ठ्याची आतली कडसुद्धा चित्रात यावी. कडेचा केसभरही भाग जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. झालेल्या स्लाइडी रोज संध्याकाळी त्यांच्या टीव्हीवर.

ते दिवस मला आयुष्यभर पुरतील. साहेब खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बायकोचा हात बघायचे. बांगड्यांवरून साल सांगायचे. हिरव्या म्हणजे मुलीच्या वेळी दिवस गेलेले. काचेच्या लाल म्हणजे शेगावहून आणलेल्या. एका स्लाइडीत हातात बांगडीच नव्हती, तेव्हा म्हणाले, "भांडून आल्ती. फटफटीवर एक शब्द बोलली न्हाई. पन हात बघा, बिलकुल हलला न्हाई." एकदा माझ्याकडून फिल्म पालथी घातली गेली. चित्रात मला काही वावगं दिसेना, पण ते लगेच म्हणाले, "उलटी हाये. तिचा हात डावीकूनच येतो. उजवीकडं माझा कोपर लागायचा, म्हनून तिकडं ती उभीच ऱ्हात नव्हती."

अकराव्या डब्यापासून त्यांचं विचारणं वाढलं. रंग कोणता? डाग दिसतो का? मी सांगू लागलो. मला शब्दांत सांगता येत नाही, मी आकड्यांत सांगायचो. चार बांगड्या, दोन हिरव्या, दोन पिवळ्या. अंगठा चित्राच्या रुंदीच्या सातव्या हिश्शाएवढा. डाग हरभऱ्याएवढा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "बराबर."

एकोणिसाऐवजी बावीस दिवस लागले. एक हजार एकोणनव्वद झाल्या. सदतीस स्लाइडी मी बाजूला काढल्या होत्या. हललेल्या, काळवंडलेल्या, जास्त उजेड खाल्लेल्या. क्रमांक नसलेली ती एकही त्यातच होती. मी सांगितलं, साहेब, चांगल्या सगळ्या संपल्या.

"खराब कुनी ठरवल्या?"

मी ठरवल्या होत्या. मग त्याही टिपल्या आणि तेविसाव्या दिवशी लावल्या. तोवर त्यांना टीव्ही चालू आहे की बंद, एवढंच कळत होतं. मी एकेक सांगत गेलो. शेवटी ती बिनक्रमांकाची आली.

मी म्हटलं, "साहेब, ही हललेली आहे. सगळं चित्र डावीकडं कललंय. उसाचा कापलेला बुडखा आहे. त्यावर पट्टी धरलीय. पट्टी चित्राच्या रुंदीच्या बरोबर निम्मी." मग मी थांबलो. "हात बाईचा नाही. मनगटावर घड्याळ आहे."

"पट्टा काळा हाये?"

"हो."

"माझा हात हाये तो," ते म्हणाले. "त्या दिशी कॅमेरा तिच्याकडं व्हता. मी शिकवून राह्यल्तो, श्वास धर, श्वास धर म्हनून. तर म्हन्ली, माझ्या हाताला जन्मभर नावं ठेवली, आता तुमचाच हलून राह्यलाय. अन् हसाय लागली. हसून राह्यली अन् बटन दाबलं. मंग फोटो हलनारच की."

मी विचारलं, मग नोंदवहीत का घातली नाही.

"ती माझी न्हाई. माझ्या नोंदीत कशी घालू?"

"मग आता घालू का?"

त्यांनी मान हलवली. मी वही उघडली. एक हजार एकशे सव्वीस लिहिलं. त्यांनी गाव सांगितलं, तीर्थपुरी. पीक ऊस. पुढे काढणाऱ्यासाठी रकानाच नव्हता, कारण सगळ्या त्यांच्याच होत्या. मी पट्टीने एक नवा रकाना आखला आणि त्यांनी काकूंचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. शेजारी राहून चार वर्षं झाली होती, मला ते पहिल्यांदा कळलं. मापाच्या रकान्यात काय लिहू, म्हटलं. म्हणाले, "हात. माझा." आकडे जुळले. त्या दिवशी मला झोपही लागली.

माघात ते गेले. सकाळी दूधवाल्याने कडी वाजवली, उघडली नाही. मुलगी आली, दिवस झाले, घर आवरलं. जाताना तिने डबे माझ्याकडेच ठेवले, भिंतीपल्याड. स्टीलची पट्टीही मला दिली. ती आता माझ्या शर्टाच्या खिशात असते आणि बायको त्यावरून बोलते.

महिन्याभराने मुलीचा नाशिकहून फोन आला. भिंतीवर लावायला दोघांचा एकत्र असा एक तरी फोटो मिळेल का, तुम्ही सगळे पाहिलेत म्हणून विचारते. मी तिला एक हजार एकशे सव्वीस क्रमांकाची पाठवली. तिचा लगेच परत फोन आला. म्हणाली, "दादा, हा बाबांचा हात दिसतोय. आई कुठंय यात?"

मी म्हटलं, "कॅमेऱ्यामागं. हसतायत त्या." आणि साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "केवढा काढून घेऊ?"

हे मात्र मी आधीच काढून ठेवलं होतं. पट्टी सहा इंची, चित्राच्या रुंदीत ती निम्मी. म्हणजे फोटो बारा बाय आठ इंचाचा काढला की त्यातली पट्टी सहा इंचाची येते आणि तिच्याजवळचं सगळं आपापल्या मापाचं येतं. साहेबांनी पट्टी धरली होती, म्हणून हा हिशेब करता आला. मी तिला म्हटलं, बारा बाय आठ. इंचभरही कमी-जास्त करू नका ताई.

परवा तिचा फोन आला. फोटो लावला म्हणाली. लावायच्या आधी काचेवर आपला पंजा ठेवून पाहिला. मोठी झाल्यावरही ती बाबांच्या हाताला हात लावून बघायची, तेव्हा त्यांचा अंगठा नखाएवढा पुढे यायचा.

"अजून तेवढाच पुढं येतो," ती म्हणाली.